थर्मोस्टॅटचं घर

रज्जाकची गाडी मुळात हिमाचलची,
म्हणून तिला हीटर आहे.
निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात बाकीच्यांच्या डॅशला
त्या जागी उदबत्तीचा पुडा, नाहीतर तंबाखू.

बारा वर्षं त्यानंही कधी कळ फिरवली नाही.
पुण्याची थंडी ती काय,
एक मफलर आणि दोन कटिंग.
पण आता चाकणहून बद्दीची फेरी लागलीय,
अंबाल्याच्या अलीकडं काच धुकं धरते,
आणि किन्नर म्हणून सोबत भाचा, दम्याचा.
"केरबा मिस्त्री, हीटर लावला की गार मारतो.
पंखा बदलू का?"
म्हटलं, पंखा नुसता निरोप्या.
आत जे असेल तेच आणून देतो.

सकाळी सहाला बसलो.
आधी पाणी. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं,
हे मी उजव्या मनगटावर शिकलोय.
पाणी गंजकट, पण काठोकाठ.
हवा अडकली असेल म्हणून
गाडीचं नाक चढावर धरून इंजिन चालवलं.
चार बुडबुडे आले. हीटर गारच.
केबल सुटली असेल म्हणून डॅशखाली डोकं घातलं:
एक कंगवा, सोलनच्या कुठल्या दुकानाची पावती,
केबल जागेवर.

मग हीटरच्या दोन्ही नळ्या मुठीत धरल्या.
एक गरम, एक गार असती
तर जाळी तुंबली म्हणून मोकळा झालो असतो.
दोन्ही सारख्याच कोमट.
वीस मिनिटं झाली, काटा तळाला,
आणि रेडिएटरचा खालचा पाईप,
जो एवढ्यात गार हवा, तोही कोमट.
म्हणजे पाणी पहिल्यापासूनच फिरतंय,
थांब म्हणणारं कोणी नाही.
तापायच्या आधीच निवतंय.

थर्मोस्टॅटचं घर उघडायला घेतलं.
तीन बोल्ट. दोन तेराचे,
तिसऱ्याचं डोकं बाराचं, खाली दोन वायसर.
पाना तिथंच थांबला.
हे दोन वायसरचं काम मी ओळखतो.

आत काहीच नव्हतं.

मे महिना. कात्रजचा जुना घाट,
कॅबिनभर वाफ, मागं टोमॅटो.
मी मोटारसायकलवर पाने बांधून गेलेलो
आणि थर्मोस्टॅट उपटून झुडपात भिरकावलेला.
"जा, आता कधी तापायची नाही."
आम्ही सगळे हेच करायचो.
उस्तादानं शिकवलेलं, जे अडवतं ते काढून टाक.
खरंच, नंतर कधी तापली नाही.
(त्याच उन्हाळ्यात हिराला म्हटलेलं,
यापुढं तुझ्याशी वाद घालणार नाही.
तोही शब्द पाळला.)

पिंपरीतून नवा आणवला.
शकूच्या टपरीवर रिकाम्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून
दोरीनं आत सोडला.
बराच वेळ घट्ट मिटलेला,
मग हळूच उघडला, चवलीएवढा.
शकू म्हणाली, "ह्यो काय शिंपला हाय का?"

बसवला. दहा मिनिटांत काटा मधोमध आला.
हीटरनं आधी बारा वर्षांची धूळ ओकली,
मग जळका वास,
मग भाच्यानं हात पुढं केले
आणि बराच वेळ मागं घेतले नाहीत.

मी म्हटलं, मजुरी नको. घाटात तो मीच काढलेला.
रज्जाक हसला. "ठाऊक आहे की.
त्या दिवशी पाया पडलो होतो तुमच्या."
आणि मोजून पैसे खिशात कोंबले.

तिसरा बोल्ट तेराचा मिळतो का बघितला,
डबा पालथा घातला. नाही मिळाला.
परत दोन वायसर.